झेंड्यांचा क्रम

आज सांगलीत डाव्या पक्ष-संघटनांच्या संयुक्त बैठकीला गेलो होतो. मोर्चात कोणाचा झेंडा पुढे असावा, यावरच पहिला दीड तास गेला (चहा दोनदा आला आणि दोन्ही वेळा गार झाला). शेवटी हळदीच्या पेठेतले एक वयस्कर हमाल उठले. त्यांच्या मनगटांवर पिवळी भुकटी तशीच होती. "आमच्या हमालीच्या दराचं कधी बोलायचं?" एवढेच त्यांनी विचारले. १९५७ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) आणि प्रजासमाजवादी आपापले मतभेद न मिटवताही संयुक्त महाराष्ट्र समितीत एका मागणीवर एकत्र लढले होते आणि क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले होते, याची मला तेव्हा आठवण झाली. अखेर हमालीचे दर आणि ऊसतोड मजुरांची नोंदणी, एवढ्या दोनच मागण्यांच्या निवेदनावर सर्वांनी सह्या केल्या. झेंड्यांचा विषय पुढच्या बुधवारी आहे.