कुंकवाचा करडा

फोटोशॉपमधलं रंग काढून टाकणारं डिसॅच्युरेटचं बटण दाबलं की फोटो कृष्णधवल झाला, असं मानणाऱ्याने इंदूरच्या एखाद्या मराठी घरातला चैत्रातल्या हळदीकुंकवाचा फोटो त्यातून काढून बघावा. बाटली हिरवी नऊवारी, लाल काठ. आणि निघतं काय, तर डोळ्याला दिसतो त्याहून वेगळाच करडा. फोटोशॉपचं हे बटण लाल-हिरवा-निळा यांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी काढतं, त्यामुळे शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा एकाच जागी येऊन बसतात. डोळ्याच्या कलाने वजन देणारी रीत त्याहून बरी: लालला ३०, हिरव्याला ५९, निळ्याला ११ टक्के. पण या साडीपुढे तीही हात टेकते. लाल-हिरवा-निळा या क्रमाने काठाचे आकडे २००-२०-४० आणि साडीच्या अंगाचे ०-१०६-७८ धरले, तर उत्तर ७६ आणि ७१. २५६ पायऱ्यांत पाचाचा फरक कोणाला दिसणार?

म्हणून फोटोशॉपचा ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे फोटोवर चढवायचा वेगळा थर. मूळ रंग खाली शाबूत राहतात आणि कोणता रंग किती उजळ, ते आपण ठरवतो. गव्हाळ कातडी बहुतेक लाल आणि पिवळ्या स्लायडरच्या ताब्यात असते. पिवळा थोडा वर. हिरवाही वर. लाल मात्र खाली, म्हणजे काठ उठतो आणि कुंकू ठसठशीत राहतं. लाल वाढवलात तर कपाळ कोरं दिसेल, मग घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना तोंड द्या! लाल फार उतरवला की गालांवरचे पुटकुळ्यांचे डागही गडद होतात. तिथे मास्क (बदल ठरावीक भागापुरताच ठेवणारा पडदा) लावून कपाळ आणि गाल वेगळे करावेत.

राजवाड्यामागचं आकाश गडद करायला निळा स्लायडर सगळेच खाली ओढतात. पण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निळ्याच्या वाट्याला जेमतेम पाव जागा, त्यात जेपेग रंगाचा तपशील आणखी छाटतो. मग आकाशात दाणे, पट्टे आणि छपराच्या कडेला पांढरी रेघ. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची न छाटलेली मूळ फाइल, असेल तरच जोर करावा.

जुन्या काळचे नामांकित छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात इंदूरलाच कॅमेरा हाती घेतला. तेव्हाच्या काचेच्या प्लेटांना निळा फार दिसे, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून आकाश पांढरंफटक. तो थाट हवा असेल तर फोटोशॉपच्या चॅनल मिक्सरमध्ये (तिन्ही रंगांचं प्रमाण ठरवायची सोय) मोनोक्रोम, म्हणजे एकरंगी, निवडून लाल ०, हिरवा ०, निळा १००. दाणे येतील, ते जुनेपणाच्या नावावर खपतात.

छपाईला देताना आधी एक लहान प्रिंट काढून उन्हात बघावी. रंगीत फोटोंच्या छपाईच्या कागदावर करड्याला हिरवट किंवा जांभळट झाक हमखास येते, आणि ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही.