कालवाची धार, हिरवट पू आणि टॉरीन क्लोरामाइन

ओहोटीला खडपावरची कालवं काढणाऱ्या आमच्याकडच्या बायांच्या हातापायांवर कालवाच्या धारेचे वण असतातच. अशी जखम चिघळली की तिच्यात पू धरतो. त्या पुवाची हिरवट झाक बहुधा मायलोपेरॉक्सिडेज या विकराची असते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत तो भरपूर असतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड व रक्तातल्या मिठाचे क्लोराइड यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार करतो. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, तेव्हा पाण्यातले जंतू मारणारे द्रव्यही हेच.

हे आम्ल मात्र जंतू आणि आपल्याच पेशी यांत भेद करत नाही. तिथे टॉरीन उपयोगी पडते. टीडमान आणि ग्मेलिन यांनी १८२७ साली बैलाच्या पित्तातून वेगळे काढलेले हे अमिनो आम्ल प्रथिनांच्या बांधणीत वापरले जात नाही, मोकळेच राहते, आणि न्यूट्रोफिलमध्ये त्याचा साठा मोठा असतो. (कालवांतही ते विपुल असते, कारण खाऱ्या पाण्याशी तोल राखायला त्यांना ते लागते, म्हणून कालवं खाल्ल्याने जखम लवकर भरते, असे मात्र कोणी समजू नये.) आम्लातला क्लोरीन टॉरीनच्या नायट्रोजनवर बसला की टॉरीन क्लोरामाइन बनते, जे सौम्य आणि बरेच अधिक टिकाऊ असते.

त्याचे खरे काम यापुढचे आहे. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींत शिरल्यावर ते आयकॅपाबी-अल्फा या प्रथिनातल्या ४५व्या जागेवरच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण करते, त्यामुळे ते प्रथिन आपण धरून ठेवलेल्या एनएफ-कॅपाबीला, म्हणजे दाहाची जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला, सोडत नाही, आणि नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा यांसारख्या दाहकारक द्रव्यांची निर्मिती घटते. थोडक्यात, जंतूंवरच्या हल्ल्यातूनच दाह आवरणारे द्रव्य निपजते. ही यंत्रणा मुख्यतः प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत पाहिलेली आहे, त्यामुळे तिच्यावरून औषधाची स्वप्ने रंगवणे मला घाईचे वाटते.

जंतुनाशक म्हणून टॉरीन क्लोरामाइनचा वापर मला अधिक भरवशाचा वाटतो. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या संशोधकांनी त्याचे १ टक्का द्रावण डोळ्यांच्या संसर्गावर आणि पायांच्या जुनाट व्रणांवर वापरून पाहिले. स्वच्छ पाण्यात ते जंतू सावकाश मारते. जखमेच्या स्रावात अमोनियम असते, त्याच्याकडे क्लोरीन गेला की मोनोक्लोरामाइन बनते, आणि ते जंतूंत अधिक सहज शिरते. बहुतेक क्लोरीनयुक्त जंतुनाशके स्रावात निकामी होतात. हे तिथेच अधिक चालते.