टर्बो ठणठणीत, नळ्या म्हाताऱ्या: जुन्या एमआर-टूची स्मॉग टेस्ट

‘तीस वर्षांची टर्बो गाडी? इंजिन केव्हा हातात येईल सांगता येत नाही,’ हे वाक्य मी सॅन होजेमध्ये इतक्या जणांकडून ऐकलंय की आता चीड येते. माझी 1991 ची टोयोटा एमआर-टू टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) मला रस्त्यात एकदाही सोडून गेलेली नाही. मला रडवलं ते एका स्मॉग सेंटरने, म्हणजे गाडीच्या धुराची सक्तीची तपासणी करणाऱ्या गॅरेजने. दुसऱ्या कुणाचे पैसे तसेच जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

गाडी घेताना काही अडलं नाही. कॅलिफोर्नियात गाडी विकणाऱ्यानेच स्मॉग सर्टिफिकेट द्यायचं असतं, आणि ते 90 दिवसांच्या आतलं लागतं. ते मिळालं, गाडी नावावर झाली. पुढे दर दोन वर्षांनी नोंदणीच्या वेळी ही टेस्ट आपल्या गळ्यात पडते. 2000 सालच्या आणि त्यानंतरच्या गाड्यांना नुसती केबल जोडून कॉम्प्युटर वाचतात. 1999 पर्यंतच्या गाड्यांची मात्र बहुतेक शहरी भागांत रोलरवर चढवून, सायलेन्सरमध्ये नळी घालून परीक्षा होते: आधी ताशी 15 मैलांवर, मग 25 वर.

माझी गाडी 25 वर नापास झाली. हायड्रोकार्बन उत्तम, कार्बन मोनॉक्साइड उत्तम, फक्त नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या वर. काउंटरवरच्या माणसाने कागद माझ्याकडे सरकवला आणि बॉनेटला (एमआर-टूचं इंजिन पुढे नसतं, सीटच्या मागे असतं, हे त्याला सांगावं लागलं) हात न लावता निदान केलं: ‘टर्बो जुना झालाय, इंजिन गरम चालतंय.’ मग म्हणाला, आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, बदला. इथे साधा कन्व्हर्टर चालत नाही, राज्याची मान्यता असलेलाच लागतो आणि तो चांगलाच महाग असतो. त्यांच्याच गॅरेजमध्ये बदलून घेतला. पुन्हा रोलरवर. आकडा थोडा उतरला, पण नापास तो नापासच. आणि आता त्याचं म्हणणं, ‘इंजिन उघडावं लागेल, नाहीतर भंगारात द्या.’

भंगारात! 2 लिटरचं हे थ्री-एस-जीटीई इंजिन, ओतीव लोखंडी ब्लॉकचं, अमेरिकेत 200 हॉर्सपॉवर घेऊन विकलं गेलं. याच घराण्यातल्या इंजिनावर टोयोटाने सेलिका रॅलीत पळवली आणि 1993 आणि 1994 साली जगज्जेतेपदं मिळवली. त्याचा टर्बो तेल आणि पाणी दोन्हींवर थंड होतो. वेळेवर तेल बदललं, टायमिंग बेल्ट 60,000 मैलांवर बदलला आणि घाटातून जोरात आल्यावर लगेच किल्ली न काढता मिनिटभर तसंच चालू ठेवलं, तर ते वर्षानुवर्षं साथ देतं. माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरमध्ये सारखं होतं. त्या तपासणीचा कागद मी त्या काउंटरवाल्यासमोर ठेवला. त्याने बघितलासुद्धा नाही.

नोंदणीची तारीख जवळ येत होती. (नोंदणीचे पैसे भरलेले असतील आणि टेस्ट अडली असेल तर डीएमव्हीकडून, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडून, गाडी चालवायचा तात्पुरता परवाना मिळतो, तो घ्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.) शेवटी फ्रीमाँटच्या एका ओळखीच्या काकांनी वाट दाखवली. पुण्यात टू-स्ट्रोक उघडून वाढलेला माणूस. म्हणाले, ‘अरे, ज्वलन जास्त गरम झालं की नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. ते थंड ठेवायला थोडा जळका वायू परत इंजिनात सोडतात, त्याला ईजीआर म्हणतात. ते बघितलं का कुणी?’

कुणीच बघितलं नव्हतं. काकांनी हातपंप आणला, इंजिन संथ चालू ठेवून ईजीआरच्या व्हॉल्व्हला थेट व्हॅक्यूम (हवा ओढून तयार होणारी पोकळी, तिच्या जोरावर तो उघडतो) दिला. इंजिन लगेच अडखळलं, बंद पडायला आलं. म्हणजे व्हॉल्व्ह उघडत होता, वाटही मोकळी होती. अडचण व्हॅक्यूम तिथवर पोचण्यात होती. तिथे जाणारी बारीक रबरी नळी मी चिमटीत धरली तर ती वाकली नाही, कट्‌कन मोडली. आतून काळी भुकटी पडली. शेजारच्या नळ्यांना टोकाशी चिरा होत्या. सीटमागे कोंडलेल्या इंजिनाच्या उष्णतेत रबराने तीस वर्षं काढली होती. धातूला काहीच झालं नव्हतं.

सगळ्या नळ्या बदलल्या, सिलिकॉनच्या घातल्या. खर्च कन्व्हर्टरच्या पासंगालाही पुरणार नाही इतका. एकेक करूनच बदला: जुनी काढली की नवी लगेच त्याच जागी. आधी फोटो काढा, आणि इंजिनाच्या झाकणाखालचा, व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशा असलेला स्टिकर जपा. स्मॉगवाला नळ्यांची जोडणी त्यावरून ताडून बघतो.

यावेळी मी दुसऱ्या सेंटरला गेलो आणि आधी ‘प्री-टेस्ट’ मागितली. यंत्र तेच, पण निकाल राज्याकडे जात नाही. जुनी गाडी कधीही आधी प्री-टेस्टलाच न्या. फ्रीवेवरून चांगली तापवून न्या आणि रांगेत इंजिन बंद करू नका, कन्व्हर्टर गरम असेल तरच काम करतो. प्री-टेस्टला नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा मर्यादेच्या निम्म्याखाली आला. खरी टेस्ट लगेच तिथेच करून घेतली. पास!

अजून एक, विसरत होतो. गाडी घेताना आधीच्या मालकाने एअर फिल्टरचा डबा, बूस्ट कंट्रोलर (टर्बोचा दाब वाढवणारं यंत्र) वगैरे काही बदललंय किंवा बसवलंय का ते बघा. बाहेरून आणून बसवलेल्या अशा भागावर राज्याचा मंजुरी क्रमांक नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, नुसत्या नजरेच्या तपासणीत गाडी नापास होते. मूळ भाग मालकाच्या गॅरेजमध्ये पडलेले असतील तर ते सौद्यातच मागून घ्या. नंतर ते शोधत फिरणं फार महागात पडतं.