किल्ल्यातली मेस

किल्ला म्हटलं की आपण बुरूज मोजतो, तोफांवर हात फिरवतो, चोरदरवाजा कुठं ते विचारतो. मुदपाकखान्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. मला मात्र इंग्लंडच्या उत्तरेकडचा डरहॅमचा किल्ला आवडतो तो त्याच्या स्वयंपाकघरासाठी.

विअर नदीच्या वळणातल्या उंचवट्यावर १०७२ साली विल्यम राजाच्या हुकमानं तो बांधायला घेतला. उत्तरेतली बंडखोर प्रजा आणि पलीकडचे स्कॉट, दोघांनाही धाक बसावा म्हणून. पुढे तो बिशपांकडे आला. हे बिशप नुसते प्रार्थना सांगणारे नव्हेत. त्यांचं सैन्य होतं, न्यायालयं होती, टांकसाळही होती. अशा दरबाराला जेवण पुरवायचं म्हणजे चेष्टा नाही. बिशप फॉक्सनं १४९९ मध्ये तिथं मोठं स्वयंपाकघर थाटलं.

मग १८३२ मध्ये डरहॅमला विद्यापीठ निघालं. ऑक्सफर्ड-केंब्रिजनंतर शेकडो वर्षांनी! त्यामागे विद्याप्रेम होतं तसा धोरणीपणाही होता. सुधारणांचे वारे वाहत होते, चर्चच्या गडगंज उत्पन्नावर सरकारचा डोळा होता. हिसकावून नेण्याआधी चांगल्या कामाला लावलेलं बरं, असा हिशेब. व्हॅन मिल्डर्ट हे राजेशाही अधिकार असलेले शेवटचे बिशप. ते १८३६ मध्ये गेले, आणि पुढच्याच वर्षी किल्ला विद्यापीठाच्या हाती आला. पडझड झालेला बालेकिल्ला १८४० पर्यंत नव्यानं बांधून त्यात विद्यार्थ्यांच्या खोल्या काढल्या. धाक घालायला उभारलेल्या जागेत पोरं उशा-गाद्या घेऊन राहायला आली.

आतला काळा जिना तर मला फारच जवळचा वाटतो. बिशप कोझिननं १६६२ मध्ये तो भिंतीच्या आधारावर अधांतरी तोलून बांधला; पण ओकचं ते वजन हळूहळू कलायला लागलं, आणि शेवटी खाली खांब द्यावे लागले. बिशपांच्या थाटापुढेही गुरुत्वाकर्षणानं मान तुकवली नाही.

फॉक्सच्या स्वयंपाकघरात अजूनही चुली थंड झालेल्या नाहीत. मुलं शेजारच्या भव्य दिवाणखान्यात जेवतात. भिंतीवरची मोठमोठी तैलचित्रं वरून बघत असतात, पण मेस ती मेसच. नावं ठेवल्याशिवाय घास कसा उतरणार? सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं की खोल्या पर्यटकांना भाड्यानं देतात. पैसे मोजले की बिशपांच्या दिवाणखान्यात न्याहारी, आणि तीही जागतिक वारसास्थळात.