हातमोजे कधी काढायचे?

नाशिकला थंडी पडली की माझ्याकडे येणारं जवळपास प्रत्येक तान्हं बाळ हातमोज्यांत असतं. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. "मॅडम, मोजे कधी काढायचे? नखांनी ओरबाडून घेतो ना," हा आयांचा ठरलेला प्रश्न. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: जागं असताना काढाच. नखं झोपेत कापा, स्वेटर-टोपरं राहू दे, हात मात्र उघडे हवेत.

वस्तू धरता धरताच बाळाला समोरच्याचा हात कशासाठी पुढे येतोय हेही उमगू लागतं. 2005 साली जेसिका सॉमरविल, अमँडा वुडवर्ड आणि एमी नीडहॅम या संशोधक बायकांनी तीन महिन्यांच्या बाळांना मोजेच घातले, पण वेल्क्रोचे. या वयात वस्तू नीट पकडता येत नाही. इथे हात लागला की खेळणं चिकटून यायचं. काही मिनिटं असा खेळ झाला. मग बाळांसमोर कुणीतरी दोनपैकी एकच खेळणं पुन्हापुन्हा धरून दाखवलं आणि नंतर खेळण्यांच्या जागा बदलल्या. आता हात दुसऱ्याच खेळण्याकडे गेला, की ही बाळं जास्त वेळ टक लावून बघायची, जणू हात कशासाठी पुढे येतोय याचा त्यांचा अंदाज चुकला होता. ज्यांना आधी मोजे मिळाले नव्हते, त्यांच्या बघण्यात असा फरक दिसला नाही.

ही काही मिनिटांची करामत वाचली तेव्हा मला माझ्याकडची सगळी गुंडाळलेली बाळं आठवली. यासाठी वेल्क्रो आणायची गरज नाही. खुळखुळा हाताला लागेल इतका जवळ धरा, पुरे. (चौथ्या महिन्यानंतरही मुठी सतत आवळलेल्या असतील तर डॉक्टरांना दाखवा.)

पंचवटीतलं एक बाळ पाच महिने मोज्यांतच होतं. काढले तर तळहाताच्या घड्यांत लोकरीचा मळ. आजींनी धुतलेली पितळी वाटी पुढे केली. त्यानं आधी मूठ आपटली, मग एकेक बोट उघडत कड पकडली आणि वाटी थेट तोंडात. आजी ओढून घेणार होत्या. म्हटलं, "राहू द्या आजी, शिकतोय तो."

परवा तो पुन्हा आला, आता वर्षाचा आहे. आजींचा हात पिशवीतून वाटी काढायला निघाला, तो पोचायच्या आत याची नजर पिशवीवर जाऊन थांबली होती.