कथालेखन आणि एआय, पुढची नोंद : अंदाज-चाचणी

मंडळी, एआय हाताशी घेऊन कथा लिहिण्याची माझी पद्धत मागच्या नोंदीनंतर बरीच बदललीय म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांना लघुकथा लिहायची हौस आहे आणि एआय हाताशी ठेवावं की लांब ठेवावं या विचारात जे अडकलेत त्यांच्यासाठी मुख्यतः.

आधी जे बदललेलं नाही ते सांगते. पहिला ड्राफ्ट वहीत, हाताने, आणि तो पूर्ण होईपर्यंत एआयला कथेची कल्पनाही सांगायची नाही. ही अट मी उगाच घालून घेतलेली नाही. २०२४ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या विज्ञान-नियतकालिकात दोशी आणि हाऊझर यांचा एक अभ्यास आला होता, त्यात लोकांना आठ वाक्यांच्या छोट्या कथा लिहायला दिल्या, काहींना एआयकडून कल्पना मिळाल्या, काहींना नाही. एआयची कल्पना घेतलेल्या कथा वाचणाऱ्यांना जास्त सर्जनशील वाटल्या, विशेषतः ज्यांचा हात मुळात कमी सर्जनशील होता त्यांच्या, पण त्याच कथा एकमेकींसारख्याही जास्त झाल्या होत्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकेकट्या लेखकाला फायदा दिसतो आणि सगळ्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या की चेहरे सारखे. म्हणून बीज माझंच, ते वाईट असलं तरी माझंच.

आता नवीन काय ते. मी याला अंदाज-चाचणी म्हणते. चॅटजीपीटीसारख्या एआयमागे जे भाषेचं मॉडेल असतं ते मुळात काय करतं, तर आधीचा मजकूर बघून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त ते ठरवतं आणि तसं लिहीत जातं. त्यात चॅटसाठी तयार केलेली मॉडेल्स लोकांना आवडतील अशा उत्तरांकडे आणखी झुकवलेली असतात, त्यामुळे तीच तीच वळणं घेतात. सगळेजण यालाच नावं ठेवतात, पण मला वाटलं की हीच सवय आपल्या कामाला लावता येईल, म्हणजे त्याला माझं वाक्य सुधारायला सांगायचंच नाही, माझं वाक्य ओळखायला सांगायचं.

सध्याच्या कथेत दोन बहिणी वडील गेल्यानंतर त्यांची खोली आवरायला येतात. ड्राफ्टमध्ये होतं, ‘धाकटीने दार ढकललं. आत एक विचित्र शांतता पसरली होती.’ मी आधीचा परिच्छेद आणि ‘धाकटीने दार ढकललं. आत’ एवढंच पेस्ट केलं आणि म्हटलं, पुढचं एक वाक्य लिही. मग नवीन चॅट उघडून परत तेच, परत नवीन चॅट. बहुतेक वेळा शांतताच आली, कधी गूढ, कधी जीवघेणी, कधी नुसती, आणि शांतता नसेल तेव्हा जुन्या पुस्तकांचा वास. म्हणजे माझं वाक्य हे कुणीही लिहिलं असतं असं वाक्य होतं. मग पेन घेऊन बसले, या माणसाच्या खोलीत नेमकं काय असेल याचा विचार करत. आता तिथे असं आहे: ‘धाकटीने दार ढकललं. आत बाबांचा रेडिओ अजून चालू होता, स्टेशन सुटलेलं, नुसती खरखर.’ आणि गंमत म्हणजे यातून पुढचा अख्खा प्रसंग बदलला, कारण आता रेडिओ बंद कोण करणार हा प्रश्न त्या दोघींमध्ये उभा राहिला, जो आधी कथेत नव्हताच.

करून बघणार असाल तर दरवेळी नवीन चॅट हवं आणि तुमचं मूळ वाक्य त्याने कुठेही पाहिलेलं नको, नाहीतर ते तेच उचलून देतं. टूलमध्ये मेमरी, म्हणजे आधीच्या गप्पा लक्षात ठेवायची सोय, चालू असेल तर ती बंद करा. टेंपरेचरची, म्हणजे उत्तरं किती अनपेक्षित यावीत हे ठरवणारी सेटिंग मिळत असेल तर ती फार वाढवू नका, आपल्याला इथे त्याची चमकदार उत्तरं नकोयत, सरधोपटच हवीयत.

पण खरं कौशल्य लागतं ते यानंतर. ओळखलं गेलेलं प्रत्येक वाक्य बदलायचं का? अजिबात नाही! ‘मोठीने खिडकी उघडली’ हे मॉडेलने ओळखलं तर ओळखू दे, ते वाक्य साधंच हवं, वाचकाला तिथून पटकन पुढे जायचंय. सगळीच वाक्यं अनपेक्षित केली तर वाचणारा दमतो, दर ओळीला ठेच लागते. जिथे कथेचं वजन पडतंय, जिथे पात्र काहीतरी पहिल्यांदा बघतंय किंवा लपवतंय, तिथे ओळखलं जाणारं वाक्य चालणार नाही. ही जागा कुठली हे मॉडेल सांगू शकत नाही, निदान मला तरी त्याने कधी नीट सांगितलेलं नाही. ते आपणच ठरवायचं, आणि ते ठरवता ठरवता माझी स्वतःची नजर पुष्कळ तयार झालीय, आता काही वाक्यं लिहितानाच कळतं की हे ओळखलं जाणार.

दुसरी एक छोटी गोष्ट, कथा देऊन ‘काय घडलं ते साध्या भाषेत सांग’ म्हणायचं. जिथे त्याचा गोंधळ होतो तिथे माझी मांडणी एकदा तपासून घेते. लांब कथा असेल तर तुकडे करून द्या, लांब मजकुराच्या मधल्या भागातलं या मॉडेल्सच्या हातून निसटतं हे २०२३ पासून अभ्यासांत दिसलंय.

‘कशी वाटली?’ हे मात्र विचारू नका. कौतुकच येतं. त्याऐवजी दोन आवृत्त्या द्यायच्या, आपली कुठली ते सांगायचं नाही, आणि मग क्रम उलटा करून परत विचारायचं, कारण पहिली की दुसरी यावरूनही त्याचा कल बदलतो. दोन्ही वेळी एकच निवडली तरच मी त्याकडे लक्ष देते.

संवादांना हात लावू देत नाही. कथेतली मावशी म्हणते, ‘अगं किती वेळची हाका मारतेय, कान कुठेयत तुझे’, ते सुधारून आलं, ‘मी तुला बराच वेळ बोलावत आहे, तुझे लक्ष कुठे आहे?’ मावशीच गायब! इंटरनेटवरच्या मजकुरात मराठीचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे, आणि त्यातही घरात बोलतात तसं मराठी किती असणार. बोलीचा कान आपलाच लागतो.

वेळ वाचतो का असं मला विचारलं गेलं. २०२३ च्या नॉय आणि झांग यांच्या प्रयोगात एआय वापरणाऱ्यांना ऑफिसच्या लिखाणाला सरासरी ४० टक्के कमी वेळ लागला आणि दर्जाही वाढला, ते मला पटतं, पत्रं-अहवालांसाठी मीही तसंच वापरते. कथेला मात्र आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय आणि त्याची मला काहीच तक्रार नाही, त्या वेळेसाठीच तर हा छंद आहे.

आता हीच चाचणी कथेच्या शेवटावर लावून बघतेय, म्हणजे शेवटचा परिच्छेद काढून बाकी सगळं द्यायचं आणि शेवट लिहायला सांगायचा. बहिणींच्या कथेत त्याने दोघींना मिठी मारायला लावली. माझ्या ड्राफ्टमध्ये मिठी नाही, पण समेट आहे, आणि तो ठेवावा की नाही यावर सध्या अडकलेय. कुणी विनोदी कथेवर हे केलं असेल तर जरूर सांगा, तिथे वाचकाचा अंदाज आधी बांधून मग मोडायचा असतो, त्यामुळे चाचणी वेगळ्या तऱ्हेने लावावी लागेल असं वाटतंय.