दुपारी दोनची नदी

मासे धरायचे तर पहाटे उठायचे, ही समजूत मी कोकणातून बरोबर आणली होती. दापोलीकडच्या आमच्या गावात खाडीवर जाणारी माणसे खरे तर भरती-ओहोटीचा हिशेब पाहून घराबाहेर पडत असत. पण लहानपणी माझ्या मनात राहिली ती मात्र अंधारात हलत जाणारी त्यांची बत्ती. त्यामुळे न्यू जर्सीत स्थायिक झाल्यावर फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला पिसे-केस बांधून केलेल्या नकली पाखराने (फ्लायने) मासे धरण्याचा, नाद लागला, तेव्हा पहिल्याच एप्रिलमध्ये मी रात्री तीनला घर सोडले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात, रॉस्को गावी विलोवीमॉक आणि बीव्हरकिल या नद्या जिथे मिळतात त्या प्रसिद्ध डोहापाशी, उजाडता उजाडता जाऊन उभा राहिलो. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरत होता आणि दर पाच-सहा फेकींनंतर तो बोटांनी फोडावा लागत होता. साडेबारापर्यंत एकही मासा दिसला नाही, पायाची बोटे आहेत की गेली हेही कळेनासे झाले, आणि मी परत फिरलो. गाडीपाशी एक वृद्ध गृहस्थ कॉफी पीत, कसलीही घाई न करता वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, चढवत होते. त्यांनी मला पाण्याचे तापमान विचारले. मी ते मोजलेच नव्हते, हे ऐकून ते एवढेच म्हणाले, की आता तर सुरू होण्याची वेळ झाली, निघालात कुठे? मी तरीही निघालो, आणि ती माझी त्या दिवसाची सर्वांत मोठी चूक होती.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा असला, तरी त्याच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेवरच ठरते. बर्फ वितळून आलेल्या चार-पाच अंशांच्या पाण्यात तो तळाशी, प्रवाहाचा जोर नसेल अशा जागी पडून राहतो, कारण घासामागे धावण्यात जेवढी शक्ती जाईल तेवढी त्या घासातून परत मिळत नाही. एप्रिलमध्ये उन्हाने पाणी हळूहळू तापत जाते आणि दुपारी दीड-दोनच्या सुमारास दहा अंशांच्या आसपास पोहोचते. नेमक्या याच सुमारास तळच्या दगडगोट्यांत वर्षभर वाढलेली मेफ्लाय या नाजूक पाखरांची पिल्ले, म्हणजे निंफ, अस्वस्थ होऊन वर येऊ लागतात. येथील लोक या उठावाला हॅच म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती वाळवीची पाखरे कशी एकाएकी उसळतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हॅच म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की येथे ती पाखरे नदीतून उगवतात आणि खाणारे त्यांच्याखाली टपून असतात.

एप्रिलच्या मध्याला आधी क्विल गॉर्डन नावाची मेफ्लाय येते आणि पुढे काही दिवसांनी, अंगणातल्या फोर्सिथियाच्या झुडपांवर पिवळी फुले आली की, हेंड्रिक्सन. गंमत अशी, की ही दोन्ही नावे मुळात किड्यांची नव्हेत. थिओडोर गॉर्डन या कॅट्सकिलच्या मासेमाराने इंग्लंडमधल्या संथ पाण्यासाठी घडलेली तरंगती फ्लाय येथल्या खळाळत्या नद्यांना मानवेल अशी बदलून घेतली आणि त्याची फ्लाय क्विल गॉर्डन म्हणून ओळखली जाऊ लागली. लिबर्टी गावच्या टपाल कार्यालयातल्या रॉय स्टीनरॉडने १९१६ मध्ये बांधलेल्या फ्लायला आपल्या हेंड्रिक्सन नावाच्या स्नेह्याचे नाव दिले. आणि मग ज्यांची नक्कल केली होती त्या खऱ्या पाखरांनाच लोक नकलेच्या नावाने हाक मारू लागले. खुद्द मासाही पाहुणाच आहे. येथला मूळचा ब्रूक ट्राउट, तर मी ज्याच्या मागे असतो त्या ब्राउन ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून न्यूयॉर्कला आली. आपलाही या खेळाला थोडा हातभार आहे: चिनी बांबू येण्यापूर्वी अमेरिकेतले रॉड ज्या बांबूच्या चिरफळ्या चिकटवून करत, त्याला कलकत्ता केन म्हणत असत.

दुसऱ्या वर्षी मी थर्मामीटर घेऊन गेलो आणि अकरा वाजेपर्यंत उपाहारगृहात बसून राहिलो. दोनला दहा मिनिटे असताना पाणी साडेनऊ अंशांवर होते आणि आभाळ भरून आले होते. प्रथम एक पाखरू दिसले, मग पाच, मग मोजणे सोडावे लागले. राखाडी पंख शिडासारखे उभे धरून ती प्रवाहावरून वाहत येत होती. थंड, दमट हवेत पंख वाळायला वेळ लागतो, म्हणून उडण्यापूर्वी त्यांना बराच लांब तरंगावे लागते. समोरच्या खळाळाच्या शेवटी, जिथे पाणी डोहात उतरताना गुळगुळीत होते तिथे, वलयांमागून वलये उठू लागली. माझ्या हातात उत्तम बांधलेली हेंड्रिक्सन होती, हुबेहूब त्याच आकाराची. (परंपरेने तिच्या अंगाला कोल्हीच्या पोटाकडचे, मूत्राने गुलाबीसर झालेले केस लावतात; हे मी घरी सांगितलेले नाही.) पाऊण तासात मी ती शंभरदा तरी त्या वलयांवरून नेली. एकाही माशाने तिच्याकडे पाहिले नाही.

माझे चुकले ते डोळ्यांमुळे. मी उडणारी पाखरे पाहत होतो. मासे काय खात आहेत ते पाहत नव्हतो. तरंगणारे पाखरू ट्राउट वरून उचलतो तेव्हा त्याचे नाक पाण्याबाहेर येते, घासाबरोबर थोडी हवा तोंडात जाते आणि वलयाच्या मध्ये एखादा बुडबुडा मागे राहतो. माझ्यासमोरच्या वलयांत बुडबुडे नव्हते. पाठीचा कणा आणि मागोमाग शेपटीचे टोक पाण्याला चाटून जात होते, एवढेच. म्हणजे मासे पृष्ठभागाच्या बोटभर खाली, कातडी फोडून अर्धवट बाहेर आलेली पाखरे टिपत होते. त्या घटकेला पाखराला पोहता येत नाही आणि उडताही येत नाही. माशाला त्याहून सोपा घास कोणता? आपल्याला पंख दिसतात म्हणून आपण पंखांच्या मागे लागतो, आणि एप्रिलमधले बहुतेक जेवण पंख उघडण्याआधीच उरकलेले असते. क्विल गॉर्डनचे तर याहून पुढचे आहे: ती तळाशी असतानाच कात टाकते आणि पंखांसकट पाण्यातून वर येते, त्यामुळे तिच्या हॅचमध्ये बुडणारी फ्लाय अनेकदा तरंगणाऱ्या फ्लायपेक्षा जास्त कामाला येते.

हे सगळे नंतर कळले असे म्हणता आले असते, पण सुदैवाने त्याच दुपारी थोडे कळले. माझ्या डबीत पाण्याच्या पृष्ठभागाला लोंबकळणारी फ्लाय, म्हणजे इमर्जर, एकही नव्हती. मी नेलकटर काढला, फ्लायच्या पोटाखालची पिसे सपाट कापून टाकली आणि शेपटी अर्ध्यावर छाटली, म्हणजे ती टाचांवर उभी न राहता पाण्यात पोटावर बसेल. मग डोहाच्या वरच्या अंगाला गेलो. फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे जाड दोरीच हवेत मागेपुढे खेळवून तिच्या ओढीने ती पुढे न्यावी लागते. आणि पाण्यावर पडलेली हीच जाड दोरी मधल्या वेगवान धारेत सापडली, की फ्लायला फरपटत नेते. खरे पाखरू कधी फरपटत जात नाही, हे माशाला पक्के ठाऊक असते. म्हणून वरून खाली, दोरी सैल सोडत, फ्लाय आधी आणि दोरी मागून अशी मी ती वाहू दिली. तिसऱ्या खेपेला पाणी नुसते फुगले. मी रॉड उचलला आणि तो वाकला.

पंधरा इंचांचा ब्राउन ट्राउट होता. ओल्या हाताने तळाकडून धरला, उलटा काटा काढून टाकलेला गळ सहज सुटला, आणि तोंड प्रवाहाकडे करून धरल्यावर दोन-चार श्वासांत तो तळहातावरून निसटला. अंगावरच्या लाल ठिपक्यांभोवती फिकट निळसर कडी होती. रात्री आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “सोडायचाच होता, तर धरलास कशाला?” वलगणीचे मासे शेतात शिरले की पाटी घेऊन धावणाऱ्या गावातल्या बाईचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मला आजतागायत जमलेले नाही.

साडेतीनच्या सुमारास वलये थांबली, जणू कुणी नळ बंद केला. आता मी दरवर्षी नेलकटर नेतो, पण डबीतही डझनभर इमर्जर असतात. सकाळी उशिरा निघतो, आणि पाणी आठ अंशांच्या वर चढेपर्यंत रॉड जोडतही नाही. दुपार आपल्याला कळली, असा समज मात्र गेल्या वर्षी मोडला. हॅच सरल्यावर मी सामान आवरत होतो. वारा पडला होता आणि हवा उबदार होती. आदल्या दिवसांत उडून गेलेली पाखरे झाडीत पुन्हा एकदा कात टाकून परतली होती, पंख आता काचेसारखे, माद्यांच्या शेपटाशी अंड्यांची पिवळी गोळी. सहाच्या पुढे ती खळाळावर वरखाली नाचू लागली आणि अंडी सोडून पंख पसरून पाण्यावर सपाट पडू लागली. मग त्या गुळगुळीत पाण्यात, काठोकाठ, पुन्हा वलये उठली. पसरल्या पंखांची एकही फ्लाय मी बांधलेली नव्हती. काळोख होईपर्यंत मी ते पाहत काठावर उभा राहिलो.